राहणार किती?

शेजारची धाकटी मुलगी पिल्लं बघायला आली होती. आदल्या दिवशीच अंड्यांतून बाहेर पडलेली, दिव्याच्या उबेत एकमेकांना बिलगून पेंगणारी विटकरी तांबूस पिल्लं. खोक्याच्या कडेवर हनुवटी टेकवून ती बराच वेळ नुसती पाहत राहिली. मग हवेत बोट नाचवत एकेक मोजू लागली, मोजणी चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजली, आणि माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, "मावशी, यातली राहणार किती?" मी म्हटलं, सगळी ठणठणीत आहेत, सगळी जगतील. तिने मान हलवली. "जगतील गं. पण राहणार किती?" मागच्या खेपेची पिल्लंही तिने अशीच मोजली होती, आणि ती मोठी झाल्यावर खुराड्यात किती उरली तेही तिने पाहिलं होतं. मी "बघू" म्हणाले. ती खेळायला पळाली. मी तिथेच बसून राहिले आणि संध्याकाळपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

जातिवंत कोंबड्या पाळणाऱ्याला या प्रश्नाचं उत्तर अंडी उबवायला ठेवतानाच ठाऊक असतं. पण त्या २१ दिवसांत त्याच्याकडे बघावंसं वाटत नाही, कारण ते दिवसच वेगळे असतात. यंत्रातलं तापमान ३७.५ अंशांवर टिकवायचं, दिवसातून काही वेळा अंडी फिरवायची, आठवडाभराने अंधारात एकेक अंडं उजेडावर धरून आतलं लाल शिरांचं जाळं पाहायचं. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं थांबतं, आतला ओलावा वाढवायचा आणि झाकण उघडायचा मोह आवरायचा. त्यानंतर मी पुन्हापुन्हा यंत्राला कान लावते. आधी काहीच ऐकू येत नाही. मग कवच अजून शाबूत असतानाच आतून बारीक चिवचिव येते. पिल्लाने अंड्याच्या रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घातलेली असते आणि आयुष्यातला पहिला श्वास घेतलेला असतो. शेजारच्या अंड्यातून त्याला उत्तर येतं. मग चोचीचा ठोका, एक चीर, लांबलचक विश्रांती, पुन्हा ठोका. ओल्या पिसांचा आणि चुन्याचा मिळून एक उष्ण वास खोलीभर पसरतो. बाहेर आलेलं पिल्लू दमलेलं, चिकट, मान न पेलवणारं असतं, आणि काही तासांत तेच पिल्लू मऊ लवीचा गोळा होऊन दुसऱ्याच्या डोळ्यावर चोच मारून बघत असतं. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर ते पहिले दोन-तीन दिवस काढू शकतं, त्यामुळे त्याला कशाचीच घाई नसते. या सगळ्यात नर कोण आणि मादी कोण हा विचार मनात आणणंही नको वाटतं.

पण तो असतोच. माणसात अपत्याचं लिंग पित्याकडून ठरतं, कोंबड्यांमध्ये ते आईकडून ठरतं. कोंबड्याकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. अंड्यात तिने झेड दिलं तर कोंबडा, डब्ल्यू दिलं तर कोंबडी. अंडं घातलं जाण्याआधीच निकाल लागलेला असतो. टोकदार अंड्यातून नर निघतो, गोल अंड्यातून मादी, उबेचं तापमान जरा बदललं की माद्या जास्त निघतात, असं पिढ्यान्पिढ्या सांगितलं जातं आणि लोक मनापासून ते करूनही बघतात. त्यातलं काहीच खरं नाही. सरासरी निम्मे नर, निम्म्या माद्या. शिवाय ही सरासरी मोठ्या संख्येतच दिसते. बारा पिल्लांच्या लहान खेपेत नऊ किंवा त्याहून जास्त नर निघण्याची शक्यता साधारण ७ टक्के असते. म्हणजे बरीच वर्षं पिल्लं काढणाऱ्या कुणालाही एखाद्या खेपेला असा अनुभव यायचाच, आणि तो आला की आपल्याच नशिबी हे का असं वाटायचंच.

माझ्याकडची जात ऱ्होड आयलंड रेड. रंग गडद लालसर तपकिरी, शेपटी काळी आणि तिच्यावर हिरवट झाक, पाठ लांब आणि सपाट. पहिल्या दिवशी या पिल्लांतला नर खात्रीने ओळखण्याची सोपी खूण नाही. गंमत अशी की हाच कोंबडा पट्टेरी प्लायमाउथ रॉक कोंबड्यांत सोडला, तर निघणारी सगळी पिल्लं पहिल्याच दिवशी ओळखता येतात. पट्ट्यांचा गुण झेड गुणसूत्रावर असतो आणि आई आपलं झेड फक्त नर पिल्लांना देते. त्यामुळे नर पिल्लाच्या काळ्या डोक्यावर पांढरट ठिपका येतो, मादीचं डोकं काळंच राहतं. लाइट ससेक्स कोंबड्यांशी जोडी लावली तर नर पिल्लं फिकट पांढरट आणि माद्या सोनेरी. इतकं सोपं. पण ती पिल्लं संकरित होतात आणि पुढच्या पिढीत ही खूणही हरवते. केंब्रिजमध्ये जनुकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट यांनी पट्ट्यांच्या गुणाच्याच आधारे १९२९ च्या सुमारास कँबार नावाची जात तयार केली, जिची शुद्ध पिल्लंही जन्मतःच नर-मादी सांगतात. तिकडे जपानी संशोधकांनी पिल्लाचं गुदद्वार हलकेच उलगडून आतल्या बारीक उंचवट्यावरून लिंग ओळखण्याची रीत बसवली आणि १९३३ मध्ये ती इंग्रजीत प्रसिद्ध झाली. तयार हात हे काम काही सेकंदांत करतो. माझा हात तसा तयार नाही आणि एका दिवसाच्या पिल्लाला तसं दाबून शिकावं अशी माझी इच्छाही नाही. म्हणून मी वाट बघते.

वाट बघण्याचे हे आठवडे फार गोड असतात आणि फार अवघडही. ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या उबेच्या खोक्यात, पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला ती थोडी कमी करत जायची. पंखांची पिसं फुटतात, भुशात अंग घुसळायला सुरुवात होते. पाचव्या-सहाव्या आठवड्यात एखाद्या सकाळी दाणे टाकताना लक्षात येतं की या चार-पाच जणांचे तुरे इतरांहून गुलाबी झालेत. पाय जाडसर, उभं राहणं ताठ, पाठीवर पिसं मात्र कमी, कारण या जातीचे नर पिसं उशिरा धरतात. त्याच वयाच्या माद्या नीटनेटक्या दिसतात आणि हे बापडे उघडे-बोडके. आणखी काही आठवड्यांनी मानेवर आणि शेपटीच्या मुळाशी लांब टोकदार चमकदार पिसं येतात आणि मग शंका उरत नाही. या सगळ्याच्या मधे कधीतरी पहिली बांग होते. ती बांग नसतेच म्हणा, घशात अडकलेला एक घोगरा आवाज असतो. बांग देणारा स्वतःच दचकतो, इकडेतिकडे बघतो. त्या क्षणी मला त्याचं इतकं कौतुक वाटतं की हातातलं काम राहतं. आणि त्याच क्षणी मनात एक आकडा वाढतो.

१८४९ मध्ये जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनला आर्नोल्ड बर्टहोल्ड यांनी सहा तरुण कोंबड्यांवर एक प्रयोग केला होता. वृषणं काढलेल्या कोंबड्यांचा तुरा वाढला नाही, ते धड आरवले नाहीत, भांडणाच्या भानगडीत पडले नाहीत. पण ज्यांच्या पोटात वृषण दुसऱ्या जागी ठेवलं, ते मात्र अगदी कोंबड्यांसारखेच वाढले. उघडून पाहिलं तर त्या वृषणाला नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या, मज्जातंतू जोडलेले नव्हते. म्हणजे जे काही पोचत होतं ते रक्तातून पोचत होतं. संप्रेरकांच्या शास्त्राची सुरुवात इथून मानतात. तुऱ्याचा तो लाल रंग, ती घोगरी बांग, मानेची पिसं फुलवून एकमेकांसमोर उभं राहणं, हे सगळं त्याच एका वाहत्या द्रव्याचं काम आहे हे कळलं, तेव्हापासून मला कुठल्याच कोंबड्यावर "हा मुळातच दुष्ट आहे" असा शिक्का मारवत नाही. वृषणं काढून कोंबडे शांत ठेवण्याचा मार्ग फार जुना आहे. पण त्यासाठी फासळ्यांमधून चीर द्यावी लागते, आणि पिल्लाला ती वेदना देऊन मिळणारी शांतता मला नको. ब्रिटनमध्ये तर या शस्त्रक्रियेला परवानगीच नाही.

कोंबड्यांच्या पाठी बघितल्या की नरांचा हिशेब कळतो.

आठ-दहा माद्यांमागे एक नर हे प्रमाण मोठ्या जातींना साधारण मानवतं. नर जास्त झाले की सगळ्यात आधी सोसतात त्या माद्या. पाठीवरची पिसं झिजतात, मग त्वचा उघडी पडते, मग डोक्यामागे चोचीच्या जखमा. त्या खाली उतरायला कचरतात, दाण्यापाशी उशिरा येतात, आडोसा शोधत फिरतात. नरांमधली क्रमवारी वेगळीच चालू असते. टोचण्याची ही उतरंड नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२१ च्या सुमारास पहिल्यांदा शास्त्रात मांडली. लहानपणापासून ते कोंबड्या न्याहाळत आणि टिपणं ठेवत आले होते. जपानमधल्या नागोयाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं की पहाटेची पहिली बांग कळपातला वरचढ कोंबडा देतो आणि बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणे त्याच्यामागून आरवतात. हे वाचल्यापासून मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकते. एखाद्या पहाटे क्रम बदललेला असतो. सकाळी खुराडं उघडायच्या आधीच मला कळलेलं असतं की रात्रीत किंवा आदल्या संध्याकाळी काहीतरी घडलंय, आणि खरंच एकाच्या तुऱ्यावर रक्त वाळलेलं सापडतं.

अशा वेळी लोक सल्ला देतात, देऊन टाक कुणाला तरी. कोंबडा चांगल्या घरी गेला असं ऐकायला बरं वाटतं. पण ज्या वेळी माझ्याकडे चार जास्त असतात त्याच वेळी पिल्लं काढणाऱ्या प्रत्येकाकडे चार जास्त असतात. मागणी माद्यांना, देऊ केले जातात नर. फुकट नेलेल्या कोंबड्याचं पुढे काय झालं हे देणारा सहसा विचारत नाही, कारण विचारलं तर ऐकावं लागेल. तो झुंजीत उतरवला गेला असेल, नाहीतर खोक्यात घालून आणखी कुठेतरी, आणि शेवटी एका अनोळखी हाताखाली. कुणी म्हणतं, रानाच्या कडेला सोडून दे, निसर्ग बघून घेईल. खुराड्यात वाढलेल्या, दिव्याच्या उबेत मोठ्या झालेल्या पक्ष्याला तसं सोडणं मला सगळ्यात क्रूर वाटतं. पहिल्या रात्री त्याला काय काय ऐकू येत असेल याचा विचार करून बघावा. ज्यांच्याकडे जागा आहे ते नुसत्या नरांचा वेगळा कळप ठेवतात, आणि माद्या दिसतही नाहीत अशा ठिकाणी हे कोंबडे बऱ्यापैकी गुण्यागोविंदाने राहतात. मीही माझ्या परीने तसं एक आवार केलं आहे. पण आवाराला कुंपण असतं आणि दर खेपेला नवे निम्मे येतात.

या सगळ्याच्या मुळाशी जे आहे ते बोलायला मला वेळ लागतो. जात राखणं म्हणजे निवड करणं, आणि निवडायला मुळात पुष्कळ असावे लागतात. अमेरिकेत १८७४ मध्ये कोंबड्यांच्या जातींचं पहिलं प्रमाणपुस्तक निघालं, ऱ्होड आयलंड रेड त्यात १९०४ साली आली. एकेरी तुरा हवा, त्याला पाच टोकं हवीत, पायांवर पीस नको, वरच्या पिसांत पांढरं नको, पूर्ण वाढलेल्या नराचं वजन साडेतीन ते चार किलोंच्या दरम्यान. ही यादी हातात धरून मी कोंबडा उचलते. एका काखेत तो, दुसऱ्या हाताची बोटं छातीच्या हाडावरून फिरवत, पंख उलगडून, पायांची ठेवण बघत. त्याचं हृदय माझ्या तळव्याखाली धडधडत असतं. दोन-चार तरुण कोंबड्यांतून जो निवडाल तो त्यातल्या त्यात बरा असतो, वीसांतून निवडलेला कदाचित जातीला पुढे नेणारा निघेल. म्हणून जो मनापासून जात सांभाळतो तो अंडी जास्त ठेवतो. एक नर डझनभर पोरींचा बाप होणार, त्याचा दोष सगळ्यांत उतरणार, म्हणून तो नीट पारखायलाच हवा. उरलेले जास्तीचे ठरतात ते या पारखण्यामुळे. ते चुकून जन्मलेले नाहीत. त्यांच्यावाचून निवड झालीच नसती, आणि म्हणून त्यांचं देणं मला लागतं असं मी मानते.

मोठ्या प्रमाणावर हा प्रश्न कसा सोडवतात ते सगळ्यांना माहीत आहे. अंड्यांसाठी घडवलेल्या जातींचे नर अंडीही देत नाहीत आणि मांसही धरत नाहीत, म्हणून जगभरात वर्षाला अंदाजे ७०० कोटी नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून यावर बंदी आणली, आणि आता अंडं उबत असतानाच लिंग तपासण्याची तंत्रं वापरात येत आहेत. ते चांगलंच आहे. पण पूर्वी ही वेळ यायची नाही, कारण एकाच जातीची मादी अंड्यांसाठी आणि नर मांसासाठी असायचा. अंड्यांची कोंबडी वेगळी, मांसाची वेगळी अशी फारकत विसाव्या शतकाच्या मध्याला पक्की झाली. आज मांसाचं पिल्लू सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जातं. माझा कोंबडा त्याच वजनाला यायला चार-पाच महिने घेतो. तेवढे महिने तो ऊन खातो, धुळीत लोळतो, किडे उकरतो, भांडतो, आरवायला शिकतो. हे महिने त्याला मिळावेत म्हणून मी जास्त दाणा आणि जास्त कलकलाट आनंदाने सोसते.

आणि मग तो दिवस येतो. आदल्या रात्री, सगळे दांडीवर बसून सुस्तावलेले असताना, मी त्याला हलकेच उचलून वेगळा ठेवते. अंधारात कोंबडा धडपडत नाही. दाणा नाही, पाणी आहे. सकाळी बाकीचे बाहेर पडायच्या आत, त्यांच्या नजरेआड, धारदार सुरी, एकच घाव, आणि सगळं थांबेपर्यंत दोन्ही हातांची घट्ट पकड. हे काम मी दुसऱ्याकडे देत नाही. ज्या हाताने त्याला ओल्या कवचातून बाहेर येताना पाहून टॉवेलवर ठेवलं, त्याच हाताने हे व्हावं असा माझा हट्ट आहे, आणि तो बरोबर आहे की नाही यावर घरात अजूनही एकमत नाही. हात थरथरू नये म्हणून आधी नीट शिकून घेतलं. थरथर हातात येत नाही आता, नंतर पोटात येते. पिसं काढताना अंग अजून ऊबदार असतं. ती ऊब यंत्रातल्या उबेइतकीच असते असं क्षणभर वाटून जातं. त्या दिवशी मी फारशी बोलत नाही. पण वाया काही जाऊ देत नाही, आणि जेवताना कुणी ताटात टाकलेलं मला चालत नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाने एक गोष्ट मात्र बदलली. अंडी यंत्रात ठेवण्याआधी आता वहीत नरांची सोय लिहिली जाते. आवारात जागा किती आहे, ओळखीच्या कुणाला खरोखर पैदाशीसाठी नर हवा आहे का आणि त्याच्या खुराड्यात आपण जाऊन बघितलं आहे का, आणि माझ्या हातून किती जाणार आहेत. यांची बेरीज अंड्यांच्या निम्म्याइतकी झाली नाही तर मी अंडी कमी करते. पारखायला मिळणारे नर त्यामुळे कमी होतात, जात हळू सुधारते. मला ते चालतं. बांग ऐकू आल्यावर घाईने सोय शोधायला निघणं मला नको.

यंदाच्या खेपेतले दोन कोंबडे शेवटच्या पारखीपर्यंत आले आहेत. पहिल्याचा रंग असा गडद की उन्हात काळपट भासतो, तुऱ्याला मोजून पाच टोकं, पाठ रुंद. प्रदर्शनात कुणीही त्याच्याकडे बोट दाखवील. पण तो माद्यांवर धावून जातो, दाण्यापाशी त्यांना टोचून हाकलतो. दुसऱ्याच्या तुऱ्याला सहा टोकं आहेत आणि रंग एक छटा फिका. त्याला एखादा किडा सापडला की तो स्वतः खात नाही. चोचीत उचलतो, खाली टाकतो, बारीक कुटकुट आवाजात माद्यांना बोलावतो, आणि त्या येईपर्यंत उभा राहतो. वरून घार गेली तर पहिला इशारा त्याचाच. कोंबड्या त्याच्याभोवती निवांत चरतात, पाठींवर पिसं शाबूत.

मी दुसरा ठेवणार आहे. तुऱ्याचं सहावं टोक दोन-तीन पिढ्यांत निवडून काढता येईल; ज्या कोंबड्यांचा तुरा पाच टोकांचा आणि नीट उभा आहे तेवढ्याच त्याच्यासोबत सोडायच्या. पहिल्याची नोंद वहीत झालीच आहे. नर वेगळा केल्यावरही त्याचं बीज कोंबडीच्या शरीरात दोन-तीन आठवडे टिकतं, म्हणून आधी जुन्या कोंबड्याला बाजूला काढून तीन आठवडे थांबायचं, त्या दिवसांतली अंडी स्वयंपाकघरात न्यायची, आणि नवा कोंबडा रुळला की मग उबवण्यासाठी अंडी साठवायला सुरुवात करायची. नरांसाठी आवारात सध्या चार जागा मोकळ्या आहेत, दोघांना पैदाशीसाठी नर हवा आहे, माझ्या हातून दोन. त्यामुळे यंत्रात या वेळी सोळा अंडी.